चौदाव्या होलवरचा वारा

सिंगापूरहून परत आल्यावर सोसायटीतल्या लोकांनी मला दोन प्रश्न विचारले. तिथे रस्त्यावर थुंकलं तर खरंच दंड करतात का, आणि तो पाणी ओकणारा सिंह पाहिलात का. पहिल्याचं उत्तर मला माहीत नाही, कारण मी थुंकून पाहिलं नाही. दुसऱ्याचं उत्तर नाही असं आहे. मी तिथे आठ दिवस होतो आणि त्यातले बहुतेक दिवस गवत बघत होतो.

त्याचं असं झालं. माझी थोरली बहीण शालिनीताई आणि भाऊजी गेली सतरा वर्षं सिंगापुरात, बिशान नावाच्या वस्तीत राहतात. भाऊजी बँकेत जोखीम मोजण्याच्या खात्यात होते. निवृत्तीनंतर जोखीम संपली, मोजण्याची सवय तेवढी राहिली. ती त्यांनी गोल्फवर नेली. जगात पुष्कळ ठिकाणी लोक गोल्फच्या व्यावसायिक स्पर्धांवर पैसे लावतात, आणि त्यातले जाणकार म्हणे आधी खेळाडू बघत नाहीत, मैदान बघतात. मैदानाचा स्वभाव कळला की कोणाचा खेळ तिथे चालेल हे कळतं, आणि मग प्रत्येकाचा भाव, म्हणजे जिंकण्याची शक्यता, काढता येतो. भाऊजी असे भाव वहीत काढतात. पैसे मात्र लावत नाहीत. बेकायदा बुकीचं सोडाच, हा माणूस एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, पाण्याचा घोटही घेत नाही, कारण तिथे तशी मनाई आहे.

पैज लागते ती घरातल्या घरात, ताईशी. दर वर्षी दक्षिणेकडच्या एका बेटावर बायकांची मोठी स्पर्धा होते, त्या आठवड्यात. दोघांनी एकेका खेळाडूचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, जिचा क्रमांक वर लागेल त्याची जीत. मानांकनातल्या पहिल्या दोन खेळाडू वर्ज्य, नाहीतर दोघंही त्यांचीच नावं लिहितील. आणि दोघांनी एकच नाव लिहिलं तर ते गेल्या वर्षी हरलेल्याचं, दुसऱ्याने नवं लिहायचं. हरणाऱ्याने वर्षभर सकाळचा चहा करायचा, किंवा सुट्टीला कुठे जायचं ते जिंकणाऱ्याने ठरवायचं, असल्या पैजा.

यंदाची पैज घराची होती. त्यांच्या फ्लॅटला गिऱ्हाईक आलं होतं. त्याला स्पर्धेनंतरच्या सोमवारी दुपारपर्यंत हो की नाही ते हवं होतं. ताई गेली सतरा वर्षं दर रविवारी फोन ठेवताना म्हणते, "आता परत यायलाच हवं रे." मी दर वेळी विचारतो, "केव्हा?" भाऊजींना तिथेच राहायचं होतं. वाद घालून दोघंही थकली होती, तेव्हा ठरलं की ताईची खेळाडू वर आली तर फ्लॅट विकून पुण्याला यायचं, भाऊजींची आली तर विषय कायमचा बंद. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोघांनाही वेड लागलंय असं म्हणालो. मग विचार करता वाटलं, आमच्याकडे लग्नं याहून कमी माहितीवर ठरतात.

मला बोलावलं भाऊजींनी. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि चढउतार चालायला बंदी होती. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालव्यांची आखणी केलेली. जमीन कुठून कुठे उतरते हे मला डंपी लेव्हलची दुर्बीण न लावताही बऱ्यापैकी सांगता येतं. "मधुकरराव, डोळे आणि पाय तुमचे, हिशेब माझा," ते फोनवर म्हणाले.

ह्यात माझंही पाणी मुरत होतं, ते इथेच सांगून टाकतो. माझी बायको नलू जाऊन तीन वर्षं झाली. माझ्या समोरचा फ्लॅट रिकामा होता. मालकाला मी महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं होतं. ताई समोर राहायला आली असती तर संध्याकाळी कोणीतरी दाराची बेल वाजवली असती. आणि मी निघालो होतो भाऊजींना जिंकून द्यायला.

सोमवार, बिशान

ताईचा फ्लॅट दहाव्या मजल्यावर आहे. बाहेरच्या सामाईक व्हरांड्यात तिने कुंड्या ठेवल्यात, त्यात एक कढीपत्त्याचं झाड माझ्या खांद्याएवढं. मी पोचलो तेव्हा शेजारच्या चिनी बाई, मिसेस लिम, त्याची पानं तोडत होत्या. आमच्या सोसायटीत कोणी न विचारता कढीपत्ता तोडला तर तीन दिवस त्यावर चर्चा होते. ताई मात्र म्हणाली, "टेक मोअर लाह, आंटी." मिसेस लिमनी आणखी दोन डहाळ्या घेतल्या आणि हिरव्या केकचा एक तुकडा मला दिला. केकला बासमती भातासारखा वास होता. मला आवडला नाही, पण संपवला.

मग नाश्त्याला आम्ही खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात गेलो. भाऊजींनी आधी एका टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवलं आणि मग रांगेत उभे राहिले. पाकीट ठेवलं की जागा आपली, कोणी बसत नाही. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकतो त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे रुमालाचा मान राखतात. मी डोसा घेतला. सांबार गोडसर होतं. भाऊजी बिनसाखरेची काळी कॉफी पीत वहीतले रकाने दाखवत होते.

"खेळ एवढाच," ते म्हणाले. "अठरा होल, चार दिवस. कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालायचा. खळगा जिथे असतो त्या गुळगुळीत हिरवळीला ग्रीन म्हणतात. तुम्ही मला ग्रीन वाचून द्या. उतार पुढे की मागे, बस्स."

मंगळवार, मैदानावर

ताई ह्या स्पर्धेत दर वर्षी स्वयंसेवक म्हणून उभी राहते. त्यांना मार्शल म्हणतात. टोपी, टीशर्ट आणि दुपारचं जेवण मिळतं, आणि 'शांतता' लिहिलेली एक पाटी, जी खेळाडू फटका मारताना वर धरायची. घरच्या माणसासाठी पासही मिळतो. त्या पासावर मी सरावाच्या दोन्ही दिवशी दोरीबाहेरून अख्खं मैदान पायाखाली घातलं.

मैदान सुंदर आहे, ते मान्य करायला हवं. एका अंगाला समुद्र, त्यात नांगरलेल्या बोटी इतक्या की जणू माल उतरवायला नंबर लावून बसल्यात. मधूनच मोर रस्ता ओलांडतात. तळ्याकाठी दीड-दोन हात लांबीची घोरपड ऊन खात पडली होती आणि शेजारून खेळाडू निवांत जात होत्या. उकाडा मात्र कोकणातल्या वैशाखाचा. दर दोन होलनंतर माझा शर्ट पिळून काढावा असा होई.

मी पावलांनी अंतरं मोजत, वहीत बाणांच्या खुणा करत गेलो. तिसऱ्या ग्रीनपाशी मला उतार नीट कळेना. लेव्हल नसली की आम्ही कालव्यावर एक सोपी युक्ती करायचो, थोडं पाणी ओतून बघायचं. मी दोरीखालून हात घालून बाटलीतलं पाणी ग्रीनच्या कडेला ओतलं. ते कुठे जातं हे बघायच्या आत एक वयस्कर मार्शल धावत आला.

"अंकल, अंकल, कॅनॉट! व्हाय यू वॉटरिंग?"

मी इंग्रजीत सांगितलं की मी उतार बघतोय. त्याने माझ्या गळ्यातला पास बघितला, ताईचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा बदलला. "ओह, शालिनीज ब्रदर," तो म्हणाला. खिशातून फडकं काढून त्याने स्वतः ते पाणी टिपलं. ताईला तिथे सगळे ओळखत होते. बग्गी चालवणारा, जेवणाचे डबे वाटणारी, सगळे. मी त्याची नोंद केली नाही, कारण माझी वही उतारांची होती.

दोन दिवसांत निघालेला निष्कर्ष साधा होता. अठरापैकी बारा ग्रीन खेळाडूच्या बाजूने पुढे, म्हणजे मागच्या कडेला उतरत होते. खालून घसटत आलेला चेंडू तिथे थांबत नाही, पुढे निघून जातो. उंचावरून टपकन पडलेला चेंडू थांबतो. मैदान उंच मारणाऱ्यांचं होतं.

बुधवार

बुधवारी दुपारी मी ताईच्या चौदाव्या होलवर पोचलो. हा आखूड होल. तळ्यावरून एकाच फटक्यात चेंडू पलीकडच्या ग्रीनवर टाकायचा, डावीकडे सगळं पाणी. ताई रेन ट्रीच्या सावलीत उभी होती. आम्ही कट्ट्यावर बसून तिचा डबा वाटून खाल्ला, तांदळाच्या बारीक शेवया आणि कोबी. मध्येच एका माणसाचा फोन वाजला, तर ताई उठून त्याला म्हणाली, "अंकल, फोन सायलंट, कॅन?" तो ओशाळून हो म्हणाला. शाळेत बाई होती तेव्हाचाच तिचा आवाज, फक्त भाषा बदललेली.

"काय रे, वाचलास का हा होल?" तिने विचारलं.

"सोपा आहे. उंच मारायचा. खळग्यातला झेंडा तर हलतसुद्धा नाही."

"झेंड्याकडे नको बघूस. वर बघ."

मी वर बघितलं. रेन ट्रीचे शेंडे जोरात हलत होते.

"झेंड्याच्या मागे टेकाड आहे, तिथे वारा लागत नाही. इथेही झाडांच्या आडोशाला कळत नाही. पण दुपारी जेवणं झाली की समुद्रावरून वारा सुटतो, झाडांच्या वरून. उंच गेलेला चेंडू डावीकडे पाण्यात. सहा वर्षं बघतेय मी. शेवटच्या दिवशी पुढे असलेल्या मुली इथे दुपारीच येतात." तिने डब्याचं झाकण लावलं. "तुला सांगितलं हं."

ती काय सांगत होती ते मला लगेच कळलं. मैदानाच्या सगळ्या उतारांवर हा एक होल पाणी फिरवणारा होता.

संध्याकाळी भाऊजींनी वही समोर ओढली. मी बारा ग्रीनचे बाण दाखवले. त्यांचे डोळे चमकले. त्यांच्या यादीत एक स्वीडनची उंच मुलगी होती, चेंडू आभाळात पाठवणारी. दुसरी होती जपानची एक ठेंगणी, जमिनीलगत सरळ मारणारी. नावं माझ्या जिभेला झेपली नाहीत, म्हणून घरात आम्ही त्यांना उंच आणि बुटकी असंच म्हणत होतो.

"मग उंचच," भाऊजी म्हणाले. "बुटकीचे चेंडू मागे घरंगळत जातील. वाऱ्याचं काय?"

ताई बाहेर कुंड्यांना पाणी घालत होती.

"झेंडे हलत नव्हते," मी म्हणालो.

हे वाक्य खरं होतं. खऱ्या वाक्याने इतकं खोटं बोलता येतं हे मला साठी उलटल्यावर कळलं. मला समोरच्या फ्लॅटची बेल ऐकू येत होती, दुसरं काही नाही.

जेवणानंतर चिठ्ठ्या उघडल्या. भाऊजींची उंच, ताईची बुटकी. ताई बराच वेळ भाऊजींची चिठ्ठी हातात धरून बसली. तिला आतून आनंद झालाय आणि ती तो दाखवत नाहीये, असं मी समजलो.

गुरुवार ते शनिवार

ह्या तीन दिवसांचं सांगण्यासारखं थोडं आहे. पहिले दोन दिवस उंच सकाळीच खेळून मोकळी झाली, वारा सुटायच्या आत. भाऊजी टीव्हीसमोर गुडघा उशीवर ठेवून माझ्या बाणांची वाहवा करत होते. तिचे चेंडू ग्रीनवर पडत आणि तिथेच बसत. बुटकी तिच्या मागे पाच फटके होती. शनिवारी दुपारी वीज पडण्याच्या धोक्याचा भोंगा वाजला, दोन तास खेळ बंद. पाऊस पडून गेल्यावर वारा मेला आणि उंच चौदाव्यावरून सुखरूप निघून गेली. त्या दिवशी ती सर्वांच्या पुढे होती.

भाऊजींनी मला मिठी मारली. मागच्या वेळी मारली होती ती त्यांच्या लग्नात.

मी शुक्रवारी बुकित बातोकला एका जुन्या सहकाऱ्याकडे जेवून आलो. त्याने सिंगापुरात नारळ कुठे चांगला मिळतो ह्यावर तासभर सांगितलं. मला त्यातलं काही आठवत नाही. मन सारखं चौदाव्यावर होतं.

रविवार

रविवारी मी दुपारी ताईजवळ दोरीला टेकून उभा राहिलो. ऊन कडक, झेंडा मेल्यासारखा लोंबत होता. बुटकी आधी येऊन गेली. तिने चेंडू बुटका मारला, तो ग्रीनवर पडून मागच्या कडेपर्यंत घरंगळला आणि तिथे थांबला. तिने पुढच्या दोन फटक्यांत संपवलं.

मग उंच आली. तिने झेंड्याकडे बघितलं, चिमूटभर गवत उडवून बघितलं. ते सरळ खाली पडलं. तिचा फटका अगदी स्वच्छ होता. चेंडू वर, वर गेला आणि झाडांच्या वर पोचल्यावर कोणीतरी खांद्याला धरून वळवावं तसा डावीकडे निघाला. पाण्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. दुसरा चेंडूही तसाच गेला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. मला तिची क्षमा मागावीशी वाटली.

ताईने पाटी खाली घेतली. तिने चेंडूकडे बघितलंच नव्हतं, ती माझ्याकडे बघत होती.

"तू ह्यांना सांगितलं नव्हतंस?"

"नाही."

"मग मी तुला कशाला सांगितलं होतं?"

"तू परत यावीस म्हणून भाऊजींना सांगितलं नाही," मी म्हणालो.

पुढची खेळाडू तयार झाली. ताईने पाटी वर केली. सगळीकडे शांतता झाली आणि त्या शांततेत, समोर बघत, ती हळूच म्हणाली, "मला नाही जायचं, मधू."

चेंडू उडाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने पाटी खाली केली.

"अगं, सतरा वर्षं तू..."

"म्हणतेय खरं. आई होती तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून म्हणायला लागले. मग नलू गेली, तेव्हा तुझ्यासाठी. ह्यांनाही ते खरं वाटायला लागलं. आता मागे कसं घेऊ?"

"मग चिठ्ठीवर एखादं भलतं नाव लिहायचंस."

"पैजेत खोटं लिहू?" ती खरंच दुखावली. "बुटकी चांगली आहे म्हणून तिचं नाव लिहिलं. तू ह्यांना वारा सांगितला असतास तर ह्यांनीही तिचंच लिहिलं असतं. गेल्या वर्षी हे हरले होते, म्हणजे नाव ह्यांचं झालं असतं. एवढं सरळ होतं."

मी तळ्याकडे बघत राहिलो. मला लाज वाटली, आणि वाईटही वाटलं. कशाचं जास्त, ते आजही सांगता येत नाही. संध्याकाळी निकाल लागला तेव्हा बुटकी पाचवी होती आणि उंच अकरावी. भाऊजींनी वही मिटली, ताईचं अभिनंदन केलं आणि घरविक्रीच्या एजंटला निरोप पाठवला की उद्या दुपारी या.

सोमवार

सकाळी पोहे झाले. भाऊजी खाली न बघता खात होते, भिंतींकडे बघत होते. मी बशी बाजूला सारली आणि वाऱ्याचं सांगितलं. ताईने मला सांगितलं होतं, आणि मी ते त्यांच्यापासून लपवलं, कारण मला माझी बहीण समोरच्या फ्लॅटमध्ये हवी होती. इतकंच. दोरीपाशी ती जे म्हणाली होती ते सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

भाऊजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कधी कळलं होतं तुम्हाला?"

"बुधवारी दुपारी."

"म्हणजे चिठ्ठ्यांच्या आधी."

"हो."

त्यांनी वही आणली, यंदाच्या पानावर आडवी रेघ मारली. "माहिती दडवून केलेला व्यवहार धरायचा नसतो. पैज रद्द." मग ताईकडे वळून, फार हळू आवाजात, "तुझ्यावर अन्याय होतोय, कळतंय मला. पण नियम नियम आहे."

ताई उठली. "मग बघू पुढच्या वर्षी," ती म्हणाली. आवाजात हवी तेवढीच नाराजी होती, रतीभर जास्त नाही. ती आत जाऊन चहा टाकायला लागली, आणि आलं ठेचण्याचा आवाज नेहमीपेक्षा बराच जोरात आला. एजंटला फोन करून नकार कळवला.

भाऊजी माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौतीस वर्षं पाणी अडवलंत. वारा तरी सोडायचा होतात." मी क्षमा मागितली. त्यांनी हातानेच 'पुरे' अशी खूण केली आणि मला कॉफी दिली, साखर न घालता.

दुसऱ्या दिवशी ते दुखरा गुडघा घेऊन विमानतळापर्यंत आले. दाराशी त्यांनी विचारलं, "तिला फार लागलं असेल का हो?"

"तिने मार्शलची टोपी धुऊन वाळत घातलीय," मी म्हणालो. "पुढच्या वर्षीसाठी."

भाऊजींनी मान हलवली आणि माझी बॅग पुढे ढकलली.

परवा रविवारी ताईचा फोन आला. कढीपत्त्याला किडे लागलेत, मिसेस लिमनी कसलंसं पाणी फवारायला दिलंय, भाऊजी आता काठी न घेता चालतात. फोन ठेवताना म्हणाली, "आता परत यायलाच हवं रे."

"ये ना," मी म्हणालो. केव्हा, ते विचारलं नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये गेल्या आठवड्यात एक नवं जोडपं राहायला आलंय. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.